पांढरी तीन, पांढरी सहा

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला आवाजाचं भय नाही. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सकाळी घाटात बैलगाडे पळतात, आणि तिथला निवेदक माइक हातात आल्यावर असा सुटतो की कुणाची बारी लागली ते नदीपलीकडच्या गावालाही कळतं. २०१४ मध्ये शर्यती बंद झाल्या तेव्हा आमच्याकडचे उन्हाळे मुके गेले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि निवेदकांना कंठ फुटला. रात्री तमाशा, वरातीत बेंजो. यातलं काही नसेल तर सप्ताहाचा कर्णा असतो, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी असतात, आणि बिबट्या उसात आहे अशी नुसती शंका आली तरी वाजवलेले फटाके असतात. अशा मुलखात ताईची मुलगी म्हणाली, मला इलेक्ट्रिक गिटार हवी. त्यावर दाजी म्हणाले, "नको बाई. आवाज लई होईल."

वास्तविक वायर न लावता ही गिटार वाजवली तर शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपही मोडत नाही. साध्या लाकडी गिटारीला पोकळ पोट असतं, त्यातून आवाज घुमतो. हिला पोटच नाही. भरीव फळी, तिच्यावर सहा तारा. कानाला हेडफोन लावून वाजवली तर घरात फक्त नखांची टिकटिक ऐकू येते. शिकाऊ माणसाच्या घरच्यांनी देवापाशी मागून घ्यावं असं हे वाद्य आहे. शिकाऊ बासरी, शिकाऊ व्हायोलिन, शिकाऊ ताशा ज्यांनी सोसलाय त्यांना मी काय म्हणतो ते पटेल.

हे मी दाजींना समजावत होतो तेव्हा भाचीची आजी तांदूळ निवडत होती. फोनवरच्या व्हिडिओतली गिटार तिने बघून घेतली आणि म्हणाली, "वाजायला लाईट लागती व्हय? तुणतुण्याला नव्हती लागत."

आजीचा मुद्दा खोडून काढणं अवघड होतं. आमचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि यात्रेची सुपारी देऊन जातात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचं हे गाव, आणि १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या विठाबाईंचं. त्या सगळ्या वैभवाच्या मागे, झिलकऱ्यांच्या रांगेत, एक तुणतुणेवाला उभा असायचा. लाकडाचा पोकळ डबा, तळाला कातडं, बाजूला काठी, वर एक खुंटी आणि एकच तार. त्यातून काही काढून टाकायचं म्हटलं तर काढण्यासारखं उरलेलंच नाही. शिकाऊ माणसासाठी परवडणारं तंतुवाद्य कसं असावं, याचं उत्तर आजीकडे तयार होतं. पोरीला फक्त पाच तारा जास्त हव्या होत्या.

दाजींचा दुसरा आक्षेप, "हे आपल्याकडचं नव्हं," हा तर त्यांच्या स्वतःच्या लग्नातच निकालात निघाला होता. त्यांच्या वरातीत बेंजो होता. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते वाद्य मूळचं जपानचं. नागोया शहरात १९१२ मध्ये तयार झालेलं ताइशोगोतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. इकडे येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं. पुढे महाराष्ट्रातल्या कारागिरांनी त्याच्या तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवला, वायर कर्ण्याला जोडली आणि ते टेम्पोवर चढवलं. म्हणजे विजेवरचं तंतुवाद्य आमच्या भागात नवरदेवाच्या पुढे चालून कधीच येऊन गेलं आहे. त्याच्यापुढे दाजी नाचलेही आहेत. त्याचे फोटो आहेत.

तेव्हा प्रश्न उरला पैशाचा. दुकानात नवी इलेक्ट्रिक गिटार सात-आठ हजारांपासून मिळते. यामाहा, स्क्वायर, आयबानेझ या नावांची सुरुवातीची मॉडेलं पंधरा ते पंचवीस हजारांत येतात. वर कितीही, वरच्या टोकाला माणसं जमिनीच्या भावात गिटारी घेतात. पण आमच्याकडे रुपये ही रक्कम नसते, टोमॅटो असते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. त्या भावाने आठ हजारांची गिटार म्हणजे चार कॅरेट. कॅरेट शंभरावर येतं अशीही वर्षं आम्ही बघितली आहेत. तेव्हा तीच गिटार ऐंशी कॅरेटची होते, आणि वर तोडणीची मजुरी, गाडीभाडं, आडत. भाचीने गिटार मागितली ते दिवस ना चारचे होते ना ऐंशीचे. दाजी म्हणाले, "मामाला विचार. मामा सांगेल तेवढी."

मला गिटार वाजवता येत नाही, आणि हीच माझी लायकी ठरली असावी. वाजवता येणारा माणूस आवाजाच्या गोष्टी सांगतो: हिचा स्वर उबदार आहे, तिचा धारदार आहे. शिकाऊ माणसाला ते दहा वर्षं ऐकूही येत नाही. मी न वाजवणाऱ्या माणसांना विचारत हिंडलो.

पहिला मंचरचा मोटार भरणारा. पाण्यातली मोटार जळाली की आमच्याकडे सगळे याच्या दारात येतात. याने तांब्याची तार भरून दिली की पुन्हा पाणी सुरू. त्याला मी फोनवर गिटारच्या पिकअपचं चित्र दाखवलं. चुंबकाचे सहा खिळे, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. फेंडर गिटारीच्या पिकअपात सात-आठ हजार भरतात. वर पोलादी तार थरथरते, चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये इवलासा प्रवाह तयार होतो आणि तो वायरीतून अँप्लिफायरला जातो. बस, एवढंच. म्हणूनच हिला नायलॉनच्या तारा चालत नाहीत; चुंबकाला नायलॉन दिसत नाही.

चित्र बघून मोटारवाला म्हणाला, "म्हंजी आपलीच मोटार की. फक्त उलटी." मोटारीत वीज घातली की हालचाल मिळते, इथे हालचाल घातली की वीज मिळते. फॅरेडेने १८३१ मध्ये जे दाखवलं ते याने चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. मग तो म्हणाला, "पण ही गुणगुण करत असंल. एवढे वेढे म्हंजी आसपासची सगळी वीज गोळा करणार."

करतेच. एका वेटोळ्याचा पिकअप हा छोटा अँटेनाच असतो. घरातल्या तारा, ट्यूबलाइट, भिंतीपलीकडचा फ्रिज, सगळ्यांची पन्नास हर्ट्झची गुणगुण तो इमानेइतबारे अँप्लिफायरपर्यंत पोचवतो. आणि आमच्या घरामागे तर डीपी आहे. यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने १९५५ मध्ये तोड काढली. दोन वेटोळी शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट भरलेली, चुंबकही उलटे. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलटसुलट शिरते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा स्वर मात्र दोन्हींकडून मिळून दुप्पट होतो. याला हंबकर म्हणतात. मोटारवाल्याने हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग हातातली जळकी मोटार बाजूला ठेवून म्हणाला, "डोकं लावलंय." त्याच्या तोंडून ही पदवी मी आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेली ऐकली नाही.

निघताना त्याने बजावलं ते गिटारीच्या कुठल्याही जाहिरातीत नसतं: आधी घरचं अर्थिंग बघा. गिटारच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. घरातली वायरिंग बिघडलेली असेल तर नुसती गुणगुणच वाढत नाही, वाजवणाऱ्याला झटकाही बसू शकतो. ताईच्या घरचा अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ भरून घर बांधलं तेव्हा केलेला, आणि त्याच्यावर आता शेवग्याचं झाड होतं. दाजींनी खड्डा उकरून पुन्हा भरून घेतला, वायरमनकडून तपासून घेतला आणि वर दोन हंडे पाणी ओतलं. गिटार यायच्या आधीच तिने घराचं एक काम करून घेतलं.

दुसरी चौकशी खोडदला झाली, तीही भाचीमुळेच. दर वर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते आणि आसपासच्या शाळा एसट्या भरभरून तिथे येतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मधोमध, सोळा तीन दिशांना मैलोन्‌मैल पसरलेल्या. आत जाताना मोबाइल बंद करायला सांगतात. आकाशातून येणारा रेडिओ संदेश इतका अशक्त असतो की आपल्या खिशातला फोन त्याच्यापुढे बैलगाड्याचा निवेदक.

पण भाचीचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. "मामा, एवढी मोठी थाळी, आणि तिला नुसती जाळी?" गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाची सगळी करामत त्या जाळीत आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला बोटभर भोक दिसतच नाही. मग भरीव पत्रा कशाला? अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास जाडीच्या पोलादी तारेची जाळी दोऱ्यांवर ताणली की झालं. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका, म्हणून पाया आणि यंत्रं लहान. म्हणून जगाने हेवा करावा अशी दुर्बीण आपल्याला परवडली. पैसे कुठे घालायचे हे सगळेच सांगतात. कुठे घालायचे नाहीत हे कळायला खोडदला जावं लागतं.

गिटारीचा हिशोब तिथून पुढे सोपा झाला. लाकूड कुठलं, याच्यावर जाणकार रात्र-रात्र भांडतात. पण भरीव फळीच्या शिकाऊ गिटारीत, माझ्या मते, ते भांडण जाणकारांना लखलाभ. चकचकीत रंग, सोनेरी स्क्रू, फळीवरची वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, हाही पत्राच; नको. पैसे खुंट्यांना द्यायचे. खुंटी सरकणारी असेल तर तारा दर दहा मिनिटांनी उतरतात, आणि आपण बेसूर का वाजवतोय हे ज्याला अजून कळत नाही त्या पोराला वाटतं, दोष माझ्या कानात आहे. गिटार सोडून देणारी बरीचशी पोरं, माझा संशय आहे, स्वतःमुळे नाही तर खुंटीमुळे सोडतात. मग पडदे, म्हणजे फ्रेट; त्यांची टोकं नीट घासलेली हवीत, नाहीतर बोटं सोलतात. तारांची उंची, बाराव्या पडद्यावर दोन मिलिमीटरच्या आसपास. आणि मान सरळ. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती अॅलन कीने आवळता-सैल करता येते. भीमाशंकरच्या अंगाने पाऊस सुरू झाला की आमची दारं फुगून लागेनाशी होतात. मानेचं लाकूडही तेच करतं, तेव्हा ती सळई कामाला येते.

खर्च वाचवण्याची अक्कल या वाद्याच्या जन्मातच आहे, हे मला नंतर कळलं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. (वाचून मला फार बरं वाटलं.) गिटारीची मान फळीला सरसाने चिकटवायची जुनी पद्धत त्याने सोडली आणि सरळ चार स्क्रू मारले. बिघडली तर काढा, दुसरी लावा. कुऱ्हाडीचा दांडा बदलणाऱ्या कुणालाही हे सुचलं असतं, पण गिटार करणाऱ्या उस्तादांना सुचलं नव्हतं. १९५४ मध्ये त्याने आणलेली स्ट्रॅटोकास्टर आजही जगभरच्या स्वस्त गिटारींची आई आहे.

दाजींना पटवायला मात्र ब्रायन मे उपयोगी पडला. त्याने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरीच गिटार केली: मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनाच्या, पडद्यांवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. तीच घेऊन तो 'क्वीन' बँडमधून जगभर वाजला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला पाचगणीला होता, म्हणजे जवळजवळ आपल्यातलाच. दाजींवर यातल्या कशाचाच परिणाम झाला नाही. पण या ब्रायनने मधेच राहिलेला अभ्यास पुरा करून २००७ मध्ये खगोलशास्त्रात पीएच.डी. घेतली, हे कळल्यावर ते सावरून बसले. "म्हणजे शिक्षण सुटत नाही यानं?"

आता खरेदी. राहुटीतल्या एका की-बोर्डवाल्याने सांगितलं होतं, नवी घेऊच नका. पुण्यात दर जूनला शेकडो पोरं गिटार घेतात, दिवाळीपर्यंत वाजवतात आणि मग ती कपाटावर चढते. कोर्स संपून गावी जाताना ओझं नको म्हणून विकतात. अशीच एक यामाहा पॅसिफिका भाचीने शोधून काढली: दोन साधे पिकअप, खालच्या बाजूला एक हंबकर. आम्ही तिघे पुण्याला गेलो. दाजींनी गिटार बेल्ह्याच्या बाजारात बैल बघावा तशी बघितली. आधी लांबून, दुर्लक्ष केल्यासारखी. मग मानेवरून हात फिरवला, पडद्यांच्या कडा अंगठ्याने चाचपल्या, खुंट्या एकेक पिळून बघितल्या, जिथून वायर जाते ते भोक फुंकलं. मालक मुलगा गांगरला. दात मोजायचे राहिले होते तेवढे. भाचीने फोनवरचं ट्यूनर लावून मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरची तीच तार ताडून पाहिली. दोन्हीकडे एकच स्वर आला. हलता ब्रिज होता, तो शिकाऊ हाताला तापदायक, पण मागच्या स्प्रिंगा आवळून बसवून टाकता येतो. एका कोपऱ्यात रंगाचा टवका उडालेला. दाजींनी त्या टवक्याचे दीड हजार कमी करून घेतले. हातावर रुमाल टाकून बोटं धरायची तेवढी बाकी ठेवली. मुलगा संगणकाचा विद्यार्थी होता, त्याला ते समजलं नसतं.

मला तो टवका आवडला. नव्याकोऱ्या वस्तूला आमच्या घरांत पाहुण्यासारखं वागवतात. पिशवीतून काढायला निमित्त लागतं, धुतलेले हात लागतात. टवका उडालेली गिटार भिंतीवरच्या खिळ्याला उघडी टांगता येते, आणि जाता-येता हात लागतो.

वाचलेल्या पैशांतून दहा वॅटचा छोटा अँप्लिफायर आला, हेडफोन आले, आणि नऊ नंबरच्या पातळ तारांची दोन पाकिटं. लाईट गेली की ती तशीच वाजवते; हिचं लोडशेडिंग फक्त ऐकणाऱ्यांना असतं. आजीने पहिल्या दिवशी कान देऊन बघितलं आणि विचारलं, "चालू केलीय का न्हाय अजून?"

शिकवणाराच तेवढा मिळत नव्हता. व्हिडिओ बघून हात कुठे ठेवायचे ते कळतं, पण चुकलं तर व्हिडिओ थांबत नाही. शेवटी भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा एका संध्याकाळी आपली पेटी घेऊन आले. गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती. "हिच्या तारा कशात लावतात?" त्यांनी विचारलं. भाची म्हणाली, "ई, ए, डी, जी, बी, ई." बुवांनी मान हलवली, ही भाषा त्यांची नव्हती. मग एकेक तार छेडायला लावून त्यांनी पेटीवर स्वर शोधला, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, पुन्हा पांढरी तीन. पेटीचा स्वर धरून त्यांनी सहाही तारा कानाने अशा जुळवल्या की फोनवरच्या ट्यूनरचा काटा मधोमध उभा राहिला. मोटारवाला तिथे असता तर त्याने आपली ती पदवी दुसऱ्यांदा दिली असती.

आता गुरुवारी भजनात पोरगी बुवांच्या मागे बसते. तुणतुणेवाला जिथे उभा राहायचा साधारण त्याच जागी. सध्या तिला दोन-तीनच कॉर्ड येतात, अभंगाला तेवढे पुरतात. अडचण एकच आहे: बुवा काळी एकमध्ये गातात, आणि तिला येणारे कॉर्ड सगळे पांढऱ्या पट्ट्यांचे. यावर उपाय म्हणून मानेवर पहिल्या पडद्यात लावायचा एक चिमटा मिळतो, कॅपो म्हणतात त्याला. तो लावला की पांढरी एकची बोटं काळी एकमध्ये वाजतात. दोन-तीनशे रुपये पडतात. दाजींना अजून सांगायचं आहे. टोमॅटो परवा बाजारात जातायत, त्यानंतर सांगू.